नमुना दाखवा, तसंच करून देतो! पण जादूची पेटी कुणाची?

(टेबलावर अर्धवट रंगवलेली लाकडी पेटी. मागे लेथचा आवाज.)

नमस्कार मंडळी. मागं घुर्रर्र चाललंय ते शेजारच्या शेडमधलं लेथ. कोल्हापूरच्या उद्यमनगरात, म्हणजे या कारखान्यांच्या वस्तीत, व्हिडिओ काढायचा तर हा आवाज धरूनच काढायचा. नाहीतर रविवारची वाट बघायची.

एक गोष्ट आधीच सांगतो. आज मी जादूच्या सामानाबद्दल बोलणार आहे, पण पेटीच्या आत काय असतं हे सांगणार नाही. खाली कमेंटमध्ये 'दादा, सिक्रेट सांगा' लिहू नका. मागच्या वेळी दोनशे जणांनी लिहिलं होतं.

तर झालं काय, दिवाळीनंतर एक जादूगार आमच्या शेडमध्ये आले. शाळांची गॅदरिंग, गावच्या जत्रा, वाढदिवस असे कार्यक्रम करतात. मोबाइलवर सहा फोटो दाखवले. उभं कपाट, त्यात एक मुलगी, आणि कपाटाचा मधला भाग बाजूला सरकवलेला. म्हणजे मुलीचं पोटच बाजूला सरकलंय! झिगझॅग म्हणतात त्याला. म्हणाले, "मेस्त्री, डिट्टो असंच पाहिजे."

मेस्त्री म्हणजे माझे मामा. त्यांनी चष्मा वर केला, फोटो मोठा करून बघितला आणि चाळीस वर्षं सगळ्यांना देतात तेच उत्तर दिलं. "नमुना आणा, तसंच करून देतो."

आता हे वाक्य कोल्हापुरात शिवी नाही, बिरुद आहे. ऊस तोडणीच्या ऐन हंगामात इंजिनाचा एखादा भाग मोडला, कंपनीकडून यायला महिना लागणार, तर शेतकरी मोडका तुकडा पिशवीत घालून इथं येतो. संध्याकाळी नवा घेऊन जातो. मूळ भाग कुणी डिझाइन केला, हे कोण विचारतंय? या गावातल्या कारखानदारीची निम्मी हुशारी नमुना बघून माल काढण्यातच तयार झाली. मी त्यातच वाढलो. पण मी शाळेपासून जादूही करतो, आणि जादूवाल्यांत हेच वाक्य चोरीचं समजलं जातं. त्या दिवशी माझी पंचाईत झाली ती इथं.

(पेटीवर हात.)

झिगझॅग कुणाचं? रॉबर्ट हार्बिन नावाच्या जादूगाराचं. जन्म दक्षिण आफ्रिकेतला, नाव गाजलं इंग्लंडमध्ये. 1965 च्या सुमारास त्यानं ही पेटी काढली. त्याआधी मुलीला कापायचे म्हणजे आडव्या पेटीत झोपवून करवतीनं कापायचे. यानं तिला उभं केलं. चेहरा दिसतोय, हात बाहेर, पाऊल हलतंय, आणि मधला भाग कुठल्या कुठं! बघता बघता जगभर नकला झाल्या, आणि त्यातल्या बहुतेकांनी त्याला विचारलंही नाही. 1970 मध्ये त्यानं आपल्या आयटमांचं पुस्तक काढलं, फक्त 500 प्रती. ज्यानं प्रत विकत घेतली, त्याला पेटी बांधायची परवानगी. म्हणजे ग्रंथ घ्या आणि हक्क घ्या. मला हा माणूस फार आवडतो. कोर्टात गेला नाही, रडला नाही, दाराला एक कडी लावली. दार अर्थात तोवर मोडून गेलं होतं.

मग पेटंट का नाही घ्यायचं, असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. पण पेटंटची गंमत ऐका.

17 जानेवारी 1921. लंडनचं फिन्सबरी पार्क एम्पायर थिएटर. पी. टी. सेल्बिट नावाच्या जादूगारानं बाईला पेटीत बंद करून करवतीनं कापलं, पहिल्यांदाच जाहीर प्रयोगात. हा सेल्बिट जाहिरातबाजीत पक्का. थिएटरबाहेर गटारात लाल पाण्याच्या बादल्या ओतायला लावायचा. बायकांच्या मताधिकारासाठी लढणाऱ्या ख्रिस्टाबेल पँकहर्स्ट यांना त्यानं चक्क पेटीत झोपायची नोकरी देऊ केली होती. त्यांनी नकार दिला. (माझ्या आत्यानं दिला असता तर सोबत चप्पलही दिली असती.)

त्याच वर्षी जूनमध्ये अमेरिकेत होरेस गोल्डिननं आपली वेगळी पेटी आणली. तिच्यात डोकं, हात, पाय बाहेर दिसायचे. सेल्बिट अमेरिकेत पोचेपर्यंत गोल्डिननं बाजार काबीज केला होता. आणि गोल्डिननं 1923 मध्ये पेटंटही मिळवलं. झालं? नाही. पेटंट म्हणजे सरकारशी सौदा असतो. तुम्ही यंत्र कसं चालतं ते चित्रासकट लिहून द्यायचं, आणि सरकार ठरावीक वर्षं दुसऱ्याला ते बनवू देत नाही. आपल्याकडं ही मुदत 20 वर्षं. पण लिहून दिलेलं कुणालाही वाचता येतं. पंपाच्या व्हॉल्व्हचं काय बिघडतं? वाचू दे की. जादूच्या पेटीचं मात्र तेच सगळं भांडवल.

1933 मध्ये एका सिगारेट कंपनीनं जाहिरातींत जादूचे प्रयोग उघडे करून दाखवायला सुरुवात केली, त्यात गोल्डिनची कापाकापी होती. गोल्डिन कोर्टात गेला. 1938 मध्ये निकाल त्याच्या विरुद्ध. पेटंट घेताना गुपित तुम्हीच जगाला सांगितलंत, आता कसलं गुपित? कुलूप लावायला गेला आणि किल्ली चौकात टांगून आला.

मग काही जणांनी दुसरी वाट धरली. अमेरिकेतल्या टेलर या जादूगाराचा एक प्रयोग आहे. पडद्यावर गुलाबाची सावली पडते, तो सुरीनं सावलीला कापतो आणि इकडं खऱ्या फुलाच्या पाकळ्या गळतात. त्यानं 1983 मध्ये तो मूकनाट्य म्हणून नोंदवला. पुढं एका परदेशी कलाकारानं तसाच प्रयोग करून यूट्यूबवर टाकला आणि सामान विकायला काढलं. 2014 मध्ये अमेरिकेतल्या कोर्टानं टेलरच्या बाजूनं कौल दिला. नीट ऐका हां, कोर्टानं युक्तीचं संरक्षण केलं नाही. फूल, सावली, सुरी, कुणी कुठं उभं राहायचं, कधी थांबायचं, त्या सगळ्या नाट्याचं केलं. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यातही नाट्यकृतीच्या व्याख्येत मूकाभिनय आहे, फक्त तो लिहून किंवा दुसऱ्या रीतीनं पक्का करून ठेवलेला पाहिजे. आपले किती जादूगार आपला प्रयोग लिहून ठेवतात? मीही नाही ठेवला.

(कॅमेऱ्याजवळ येऊन.)

पण कायदा बाजूला ठेवा. मला जास्त टोचतं ते वेगळं आहे.

फोटो बघून पेटी केली की बाहेरची मापं मिळतात. आतली कड गोल का घासलीय, हे फोटोत दिसत नाही. एक सूत जास्त जागा कुठं सोडलीय, ते दिसत नाही. दार आतून उघडता येतं का, ते तर नाहीच दिसत. एका गावच्या कार्यक्रमात मी पडद्यामागं होतो. नकली बनवलेली पेटी, आत एक कॉलेजची पोरगी. बिजागरी अडकली. बाहेर गाणं चालू, टाळ्या चालू. ती बाहेर आली ती हसत, हात वर करून, वाकून नमस्कारही केला. आत आल्यावर बघितलं तर कोपरापासून मनगटापर्यंत पत्र्यानं सोललेलं. जादूगार म्हणाला, "हळद लाव." ज्यानं मूळ पेटी शोधली, त्यानं अशा चुका आधी स्वतःच्या शेडमध्ये करून संपवलेल्या असतात. नकलेत त्या पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात, आणि त्या दुसऱ्याच्या अंगावर. म्हणून मी विचारतो, नमुना बघून करताय ठीक आहे, पण तुम्ही स्वतः आत बसून बघितलंय का?

आता मामांची बाजू. मी हे सगळं सांगितल्यावर ते म्हणाले, "मग बाबूराव पेंटरांनी काय केलं?"

गप्प झालो मी. बाबूराव पेंटर, कोल्हापुरातले जुन्या काळचे सिनेमावाले, मूळ आडनाव मेस्त्रीच. ते आणि त्यांचे नात्यातले भाऊ आनंदराव नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे. सिनेमा बघून भारावले आणि आपला कॅमेरा आपणच करायचा ठरवलं. आनंदराव 1916 मध्ये गेले. बाबूरावांनी सहकारी दामल्यांच्या मदतीनं 1918 पर्यंत तो पुरा केला. याच गावात. परदेशी यंत्रं बघून, समजून घेऊनच केला ना? मग ती चोरी?

रात्रभर विचार केला. मला वाटतं, फरक आहे. त्यांना यंत्राचं तत्त्व पाहिजे होतं, आणि बाकी सगळं त्यांनी इथं, हाताशी होतं त्यातून उभं केलं. शिवाय कॅमेरा कसा चालतो हे कळल्यानं कुणाच्या सिनेमाची मजा जात नाही. जादूत जाते. पण मामांचा मुद्दा पूर्ण खोडता आला का? नाही.

आणि जादूचा इतिहास तरी कुठं सोवळा आहे? अमेरिकेतल्या केलरनं लंडनच्या मॅस्केलिनचा हवेत तरंगायचा आयटम मिळवायला मॅस्केलिनकडचाच एक जादूगार आपल्याकडं ओढला. रंगमंचावर भूत दाखवायची काचेची युक्ती हेन्री डर्क्स या इंजिनिअरची. ती थिएटरात नीट बसवून 1862 च्या नाताळात लंडनमध्ये गाजवली जॉन पेपर यांनी, आणि नाव पडलं 'पेपर्स घोस्ट'. पेटंट 1863 मध्ये दोघांच्या नावावर झालं, म्हणून इथं मी काच म्हणालो तर गुपित फोडलं असं होत नाही. 2014 च्या निवडणुकीत गावोगाव थ्रीडी सभा झाल्या, नेता एकीकडं आणि स्टेजवर नुसती त्याची प्रतिमा, आठवतंय? त्याच काचेची नात. डर्क्सचं नाव तिथं कुणी घेतलं?

आणि आपलं काय गेलं तेही बघा. 1865 मध्ये लंडनच्या इजिप्शियन हॉलमध्ये कर्नल स्टोडेअर हिंदुस्थानी टोपलीचा खेळ करत होता. आपल्या रस्त्यावरच्या मदाऱ्याचा खेळ. त्या मदाऱ्याचं नाव कुठल्याच जाहिरातीत नाही. परदेशी कॅटलॉगमध्ये एक भांडं मिळतं, रिकामं केलं तरी पुन्हापुन्हा पाणी देणारं. नाव काय माहितीये? 'लोटा'. आपलाच शब्द, आपलाच तांब्या, आणि आपण तो मागवायचा डॉलर मोजून! आपले नामांकित जादूगार पी. सी. सरकार हाच आयटम अख्ख्या कार्यक्रमभर अधूनमधून करायचे.

मग मी त्या जादूगारांना म्हटलं, झिगझॅग आम्ही करणार नाही, लोटा करतो. ते जरा नाराज झाले. झिगझॅग त्यांनी नंतर दुसरीकडून करून घेतलं, तेही माझ्या अंदाजापेक्षा स्वस्तात. पण लोट्याची ऑर्डर ठेवली. ही टेबलावरची पेटी त्याचीच. प्रवासात चेपू नये म्हणून.

(पेटी उघडून तांब्याचा लोटा बाहेर.)

पितळ-तांब्याचं काम करणारे एक काका आहेत, त्यांच्याकडं गेलो. आत काय करायचं ते कागदावर काढून दाखवलं. त्यांनी एकदा बघितलं, म्हणाले, "एवढंच?" मी म्हटलं, काका, हे कुणाला सांगायचं नाही बरं का. ठोकता ठोकता मान न उचलता ते म्हणाले, "मी कशाला सांगतोय? मला काय करायचंय?"

मग हातोडी थांबली.

"पण उद्या कुणी नमुना घेऊन आला, तर करून देणार हां."