थकायच्या आधी उतरायचं

(दृश्य : उद्यमनगर, कोल्हापूर. सकाळचे साडेनऊ. बोळातलं सीट कव्हरचं दुकान. बाकावर उलटी ठेवलेली मोटरसायकलची सीट.)

सीटचं कव्हर काढल्यावर आत काय निघतं, ते बऱ्याच गाडीवाल्यांनी कधी बघितलेलं नसतं. पिवळा पडलेला फोम, मधोमध बसून बसून झालेला खळगा, आणि जिथं माकडहाड टेकतं तिथं फोमचा पार पापड झालेला. माझे मामा तो खळगा अंगठ्यानं दाबून बघतायत. कारागीर हातातलं हॅक्सॉचं पातं थांबवून विचारतो, "मऊ घालू काय मामा?"

"मऊ नगं. घट्ट घाल. मऊ गादी पन्नास किलोमीटरला ब्येस वाटती. पुढं ती बसती आन् आपण पत्र्यावर."

कारागीर घट्ट फोमचा तुकडा कापतो, कडा घासून उतरत्या करतो, सोल्युशन लावतो. वर जुन्या फोमचा एक पातळ थर. मामा त्यावर बसतात, उठतात, पुन्हा बसतात. तिसऱ्यांदा बसल्यावर मान हलवतात. मामा आणि मी, दोन मोटरसायकलींवर. आमच्या कन्याकुमारीच्या प्रवासाची तयारी इथून सुरू झाली.

(दृश्य : शिरोली एमआयडीसीचा रस्ता. कामाची पाळी सुटते आहे.)

मामांनी इथल्या एका फाउंड्रीत तीस वर्षं मोल्डर म्हणून काढली. वाळूची पेटी भरायची, ठोकायची, उचलून बाजूला ठेवायची. पाळीभर अंग वाकलेलं. कोल्हापूरचं कास्टिंग देशभरातल्या गाड्यांना आणि ट्रॅक्टरांना जातं. मामांच्या कमरेतले दोन मणके त्याच कामात गेले.

2001 मध्ये बजाजनं कावासाकीची एलिमिनेटर भारतात आणली. लांबलचक, बुटकी, उंच हँडलची, क्रूझर म्हणतात तसली गाडी. दाभोळकर कॉर्नरला कुणीतरी ती लावली होती आणि मामा तिच्याभोवती दोन फेऱ्या मारून कामावर गेले, ही गोष्ट आमच्या घरात अजून सांगतात. तेव्हा ती पगारात बसण्यातली नव्हती. 2005 मध्ये त्याच धाटणीची ॲव्हेंजर आली, 2010 मध्ये तिला 220 सीसीचं इंजिन मिळालं. निवृत्तीनंतर मामांनी अशीच एक वापरलेली 220 घेतली. वाकून चालवायची गाडी डॉक्टरांनी बंद केली होती. हिच्यावर पाठ ताठ राहते, हात खांद्याच्या खाली सैल राहतात आणि सीट जमिनीपासून जेमतेम 737 मिलिमीटरवर.

माझी गाडी रॉयल एनफिल्डची मीटिऑर 350, तीही क्रूझरच. नोव्हेंबर 2020 मध्ये बाजारात आली, वजन 191 किलो, सीट 765 मिलिमीटरवर. माझी उंची पाच फूट एक इंच. हा आकडा मुद्दाम सांगते, कारण मोठ्या गाडीचा विषय निघाला की मला कायम एकच प्रश्न ऐकावा लागला : "पाय टेकतात काय गं?" टेकतात. दोन्ही. सिग्नलला, चढावर, वाळूत, मागं सामान बांधलेलं असताना. उंच गाड्यांवर चवड्यांवर उभं राहून जी भीती वाटायची, ती पहिल्याच दिवशी गेली. क्रूझरचं कौतुक लोक तिच्या आवाजासाठी करतात, क्रोमसाठी करतात. माझ्या मते तिचा मोठा गुण तिची बुटकी सीट आहे. साठीला आलेला माणूस आणि पाच फुटांची बाई, दोघांनाही तिनं लांबचा रस्ता खुला केला.

(दृश्य : भुईबावडा घाट. वळणावर सावकाश उतरणाऱ्या दोन गाड्या.)

तिचा दोषही त्याच बसणीत आहे. पाय पुढं पसरलेले असतात, त्यामुळं खड्डा दिसला तरी पायांवर भार देऊन उठता येत नाही. दणका सरळ माकडहाडात आणि तिथून वर मानेपर्यंत. गाडी लांब असल्यानं कात्रीसारख्या वळणाला ती जास्त जागा मागते, जास्त कलंडवली तर फूटरेस्ट रस्त्याला घासतात. गगनबावडा आमच्यापासून पंचावन्न किलोमीटर. सरावासाठी आम्ही सहा रविवार तिकडं गेलो. करूळ आणि भुईबावडा या घाटांनी एवढं शिकवलं की वळणाच्या आधीच वेग उतरवायचा, वळणात ब्रेकला हात लावायचा नाही. पण क्रूझरची खरी जागा म्हणजे चौपदरी सरळ रस्ता. आणि तो आपल्या दारातून जातो. राष्ट्रीय महामार्ग 48, कोल्हापूरकरांसाठी अजूनही "एनएच फोर". 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि 2021 च्या जुलैमध्ये शिरोलीजवळ पंचगंगेचं पाणी या रस्त्यावर आलं आणि वाहतूक थांबली, तेव्हा आपलं किती काय या एका रस्त्यावर चालतं ते सगळ्यांनी बघितलं.

(दृश्य : काळोख. फक्त हेडलाइटचा झोत आणि रस्त्याकडेची पांढरी पट्टी.)

दोन वर्षांपूर्वी मी बेंगळुरूहून एका दिवसात परत येत होते. सहाशेच्या वर किलोमीटर. सकाळी सहाला निघाले, बेळगावात अंधार पडला, आणि आता काय, घर आलंच, म्हणून थांबले नाही. संकेश्वर गेलं. तवंदी घाटाच्या अलीकडं कधीतरी माझे डोळे मिटले. किती वेळ, ते मला माहीत नाही. एक सेकंद असेल, दोन असतील. जाग आली ती चाकाखाली खडी वाजल्यामुळं. पांढरी पट्टी माझ्या उजव्या हाताला होती. म्हणजे मी रस्त्याच्या बाहेर होते.

गाडी थांबवली. स्टँडवर लावायचंही सुचत नव्हतं, नुसती धरून उभी राहिले. एक ट्रक गेला, दुसरा गेला. पाय थरथरत होते. निपाणीत एका लॉजवर रात्र काढली. घर तिथून तासाभरावर होतं.

ताशी 80 किलोमीटर वेगानं गाडी एका सेकंदात 22 मीटर जाते. दोन सेकंदांत 44. हे गणित मी त्या रात्री लॉजवर झोप लागेना म्हणून मोबाइलवर केलं.

अमेरिकेतली आयर्न बट असोसिएशन 24 तासांत 1,000 मैल, म्हणजे 1,609 किलोमीटर चालवणाऱ्यांना प्रमाणपत्र देते. आपल्याकडंही अनेकांनी ते केलंय, आणि त्यासाठी महिनोन्‌महिने तयारी करणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. पण आज गावागावांत पोरं कसलीही तयारी न करता आकडे गाठायला निघतात. "भावा, काल आठशे मारलं." ते आठशे कुठून कुठं, वाटेत काय बघितलं, याचं उत्तर नसतं. त्या पोरांची मला काळजी वाटते, कारण त्या रात्री मीही त्यांच्यातलीच होते.

मामांना सगळं सांगितलं. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "भट्टीवर आम्ही दमल्यावर बसत न्हवतो पोरी. दमायच्या आधी बसायचो. दमलेल्या माणसाच्या हातनं लोखंड सांडतंय."

आमचा नियम तिथून ठरला. दर 80 किलोमीटरला उतरायचं. थकवा असो, नसो.

(दृश्य : फेब्रुवारी. पहाटेचे साडेपाच. राजारामपुरीतलं घर.)

सॅडल बॅगा दोन्ही बाजूंना सारख्या वजनाच्या, जड सामान खाली. मामांच्या गाडीवर मागच्या सीटला घडी घालून बांधलेली आजीची वाकळ. आई दारात. "सावकाश जावा. पोचल्यावर फोन कर."

"येतो गं आई." आमच्या कोल्हापुरात बायकाही "येतो"च म्हणतात.

कागल, कोगनोळी, निपाणी. तवंदीचा घाट उजाडता उजाडता चढलो. ती जागा कुठली, ते मला ओळखू आलं नाही. दिवसा सगळा रस्ता एकसारखा दिसतो.

वेग 80. मीटिऑर शंभरनंही जाते, पण क्रूझरवर माणूस ताठ बसतो आणि छातीचं शीड होतं. वाऱ्याचा रेटा वेगाच्या वर्गानं वाढतो. 80 चे 100 केले की तो दीडपटीहून जास्त होतो. तो रेटा सोसायला माणूस हँडल घट्ट धरतो, मग खांदे भरतात, मग मान. संध्याकाळी अंग का दुखतंय ते कळत नाही, आणि दोष सीटला दिला जातो.

हत्तरगीच्या पुढं पहिला थांबा. चहा, दहा मिनिटं चालणं, पाणी. दुसरा थांबा 160 किलोमीटरवर, आणि तिथं आलं कित्तूर.

(दृश्य : कित्तूरचा किल्ला. पडक्या वाड्याच्या भिंती, वर पोपटांचा थवा.)

1824 मध्ये राणी चन्नम्मांनी इंग्रजांशी जिथं लढा दिला, तो हा किल्ला. महामार्गापासून अगदी जवळ. या पाटीवरून मी याआधी सहा वेळा गेले होते. सहा वेळा! थांबायचं म्हणून थांबलो, नाहीतर सातव्यांदाही तशीच गेले असते. मामा हेल्मेट काखेत धरून एकेका दालनातून फिरले. भिंतीतल्या चुन्याला हात लावून म्हणाले, "काय घोटलाय बघ." मोल्डरचा हात. त्याला वाळू, माती, चुना लगेच कळतो.

त्या दिवशी चित्रदुर्गपर्यंत सव्वाचारशेच्या आसपास चालवलं. डोंगरांवरच्या पवनचक्क्या दिसायला लागल्या तेव्हा अजून ऊन होतं. मी गाडीवरून उतरले आणि चालत जेवायला गेले. असं याआधी कधी झालं नव्हतं. नेहमी खोलीत पडायची घाई असायची.

(दृश्य : लॉजचं आवार. बल्बच्या उजेडात साखळी.)

मामा मात्र उतरल्या उतरल्या साखळीकडं वळले. चालून आलेली साखळी गरम असते, तेव्हा तिच्यावरचा मळ लगेच सुटतो आणि तेलही सांध्यांत शिरतं. केरोसीनचा बोळा, दातांचा जुना ब्रश, मग आतल्या बाजूनं तेलाची धार, चाक हातानं फिरवत, इंजिन बंद ठेवून. चालू इंजिनवर साखळी पुसताना बोटं गेलेली माणसं त्यांनी बघितली आहेत. शेवटी फडक्यानं वरचं तेल टिपून घ्यायचं, नाहीतर सगळी धूळ तिथंच बसते. दहा मिनिटांचं काम. मी म्हटलं, "मामा, जेवून करूया की."

"जेवून ती गार हुईल."

दुसऱ्या दिवशी हिरियूरच्या पुढं मामांच्या मागच्या चाकात खिळा गेला. त्यांच्या गाडीची चाकं स्पोकची, आत ट्यूब. ट्यूबमधली हवा बघता बघता जाते आणि गाडी मागून डोलायला लागते. मामांनी ब्रेक मारला नाही. हँडल सरळ धरून, नुसता ॲक्सिलरेटर सोडून गाडी कडेला आणली. माझ्या ट्यूबलेस टायरला हाच खिळा लागला असता तर हवा हळूहळू गेली असती आणि चाक न काढता जागेवर प्लग मारता आला असता. इथं चाक खोलावं लागलं. पंक्चरवाल्याला मराठी येत नव्हतं, आम्हाला कन्नड चार शब्दांपलीकडं नाही. पण मामांनी पाना हातात घेतला आणि पुढचं सगळं दोघांनी न बोलता केलं. निघताना त्यानं पैसे घेतले, चहाचे मात्र स्वतः दिले.

बेंगळुरूच्या गर्दीबद्दल बोलण्यासारखं काही नाही. दोन तास गेले.

(दृश्य : धर्मपुरी ते सेलम. उताराचा रस्ता, ओळीनं ट्रक.)

धर्मपुरी सोडल्यावर तोप्पूरचा घाट लागतो. सेलमकडं जाताना सलग उतार, आणि भरलेले ट्रक सतत ब्रेक दाबून उतरत असतात. ब्रेक तापले की पकड सुटते. या उतारावर त्यातून वाईट अपघात झाले आहेत. आम्ही घाटाच्या आधी थांबलो, पाणी प्यालो, उजेड आहे याची खात्री केली. मग खालच्या गिअरमध्ये, इंजिनाच्या ओढीवर, ब्रेक अधूनमधून. दोन ट्रकांच्या मध्ये अडकायचं नाही, एवढंच मामांनी बजावलं होतं. आंबा घाट आणि फोंडा घाटात ज्यानं गाडी चालवली त्याला हे नवं नसतं, पण चौपदरी रस्त्यावर घाट घाटासारखा वाटत नाही आणि तिथंच फसायला होतं.

सेलम, मदुराई. चौथ्या दिवशी तिरुनेलवेलीच्या पुढं, मुप्पंदलच्या परिसरात, पुन्हा पवनचक्क्या. दोन्ही अंगांना, नजर जाईल तिथवर. डोंगररांगेच्या खिंडीतून इथं वारा येतो. पावसाळ्यात तो फार उग्र असतो. आम्ही फेब्रुवारीत होतो, तरी बाजूचा झोत येऊन गाडी हातभर सरकवायचा. हँडल आवळलं तर गाडी जास्त हेलकावते. कोपर सैल सोडायचे, गुडघे टाकीला लावायचे आणि तिला तिचं ती सावरू द्यायचं. माझ्या पुढं मामांची वाकळ फडफडत होती. त्यांची पाठ ताठ होती.

(दृश्य : कन्याकुमारी. संध्याकाळचे सव्वापाच. लॉजसमोर लावलेल्या दोन गाड्या, मागं समुद्राची पट्टी.)

चार दिवस, साधारण 1,300 किलोमीटर. समोर विवेकानंद शिळा, सूर्य मावळायला अजून तास होता. मी हेल्मेट काढलं, आईला फोन केला, "पोचलो." आणि मामांना म्हटलं, चला, आधी पाण्याला पाय लावून येऊ.

मामा गाडीशेजारी उकिडवे बसले होते. तीस वर्षं वाकलेला माणूस चार दिवसांच्या प्रवासानंतर उकिडवा बसू शकत होता. हातात केरोसीनचा बोळा.

"समुद्र कुठं जात न्हाई. साखळी गरम हाय तवर ये हिकडं, चाक फिरव."