पाण्याची जागा

नमस्कार, श्रोतेहो. पावसाळ्यात कोल्हापुरात दोन माणसं भेटली की पहिला प्रश्न ठरलेला, "राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर गेलं?" पंचगंगा नदीवरच्या या बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका. २०१९ साली आणि पुन्हा २०२१ साली पाणी ५५ फुटांच्याही वर चढलं. शिरोलीजवळ महामार्ग बंद झाला, चिखली-आंबेवाडीची माणसं जनावरं घेऊन घराबाहेर पडली.

कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या नद्यांचं पाणी प्रयाग चिखलीला एकत्र येतं आणि पुढं पंचगंगा होते. तिच्या दोन्ही अंगांना सपाट काळं रान. पात्र भरलं की पाणी या रानात पसरतं, थांबतं आणि पूर ओसरेल तसं सावकाश माघारी फिरतं. आमची थोडी जमीन याच पट्ट्यात आहे. एका एकरात पाच फूट पाणी उभं राहिलं, तर ते साधारण ६० लाख लिटर भरतं. १० हजार लिटरचे ६०० टँकर. त्या एकरात मुरमाचा भराव घातला, तर एवढं पाणी जाणार कुठं? शेजाऱ्याच्या रानात, नाहीतर नाल्यातून उलटं शिरून शहरातल्या कुणाच्या तरी उंबऱ्यावर.

नकाशावर पूररेषा आखलेल्या असतात. निळी रेषा सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आतली जागा नदीचीच, तिथं बांधकाम नको. रेषा नकाशावर आहे, पण रात्री मुरमाचे डंपर रानात उतरतात तेव्हा अडवायला तिथं कुणी नसतं.

जमीन विकणाऱ्या शेतकऱ्याला मात्र मी दोष देणार नाही. २०२१ चं पाणी उतरल्यावर मी रानात गेलो. उसाच्या पानांवर गाळ वाळून राखाडी झाला होता. एक शेंडा धरून ओढला, तर सुरळी अलगद हातात आली. बुडाशी कुजलेली, वास मारणारी. वर्षाचं पीक असं गेल्यावर कुणी गुंठ्याचा भाव घेऊन दारात आला, तर माणूस किती वेळा नाही म्हणेल?

म्हणून माझं सांगणं आहे, पुराचं पाणी अंगावर घेणाऱ्या रानाला दरवर्षी मोबदला द्या. पंचनामा होऊन मिळते ती पिकाची भरपाई. मी मागतोय ते पाण्याला जागा दिल्याचं भाडं. शहरात नव्या बांधकामाला परवानगी देताना जे शुल्क घेतात, त्यातून ते द्यावं. रान राखणं परवडलं, तरच रान राहील.

आमच्या बांधापलीकडची चार एकर जमीन यंदा विकायला निघालीय. बघायला येणाऱ्यांना मी बांधावरच्या बाभळीजवळ नेतो. बुंध्यावर गाळाची खूण अजून आहे, माझ्या डोक्यापेक्षा हातभर वर.