पडलो तर किती खाली?

(पुण्यात झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

श्रोतेहो, जोखीम घेण्याची क्षमता कशी वाढते, हा आजचा विषय. सुरुवात कड्यापासून करतो. लोणावळ्याजवळची नागफणी किंवा मुळशीतली तैलबैलाची भिंत डोळ्यांसमोर आणा. सगळ्यात पुढे चढणाऱ्याच्या मनात एक हिशोब सतत चालू असतो: दोर शेवटचा कुठे अडकवला आणि आत्ता मी त्याच्या किती वर आहे? दोर अडकवायला कड्यात ठोकलेला खिळा, म्हणजे बोल्ट, पायाखाली २ मीटरवर असताना हात सुटला, तर तो २ मीटर पडत नाही. २ मीटर बोल्टपर्यंत आणि आणखी २ मीटर बोल्टच्या खाली, असा ४ मीटर पडतो. शिवाय दोराची ढील आणि ताण वेगळा.

पण ४ मीटरचे प्रत्येक पडणे सारखे नसते. खालून बिले देणाऱ्यापासून, म्हणजे दोर धरून चढणाऱ्याला सांभाळणाऱ्यापासून, २० मीटर दोर सुटलेला असेल, तर तेवढा दोर ताणला जातो आणि झटका पिऊन टाकतो. पडण्याची उंची भागिले सुटलेला दोर, हे झटक्याचे माप: ४ भागिले २०, म्हणजे ०.२. हा झटका सौम्य. आता दुसरा चढणारा घ्या. कड्यातल्या मधल्या टप्प्यावरून तो नुकताच निघाला आहे, बिले देणारा तिथेच बसला आहे, आणि हा एकही बोल्ट न लावता २ मीटर वर जाऊन पडला. पडणे ४ मीटरच, पण ते पेलायला दोर फक्त २ मीटर. ४ भागिले २, म्हणजे २. हा झटका भयानक असतो. दोघांची छाती सारखीच असेल, पण दोघांच्या मागचा दोर सारखा नव्हता.

जोखीम घेण्याच्या क्षमतेबद्दल बोलताना आपण नेहमी छातीबद्दल बोलतो. ‘त्याच्यात धमक आहे’, ‘आपल्या रक्तातच धंदा नाही’. हे मला मान्य नाही. स्वभावाचा वाटा असतो, पण क्षमतेचा मोठा भाग दोराचा आहे. दोर वळता येतो, वाढवता येतो, आणि तो वाढला की छातीही हळूहळू भरते. हा क्रम उलटा लावला की माणसे जायबंदी होतात.

पैशाचा दोर आधी घेऊ. घराचा महिन्याचा खर्च ४० हजार असेल, तर ६ महिन्यांचे २ लाख ४० हजार बाजूला हवेत. खर्च धरताना कर्जाचा हप्ता, मुलांची फी, आईवडिलांची औषधे धरा. हॉटेल आणि सहली वगळा, कारण अडचणीच्या काळात त्या आपोआप बंद होतात. ही रक्कम बचत खात्यात किंवा मुदत ठेवीत ठेवा, शेअरमध्ये नको. बाजार पडतो तेव्हा नोकऱ्याही जातात, म्हणजे ज्या दिवशी दोर लागणार त्याच दिवशी तो तुटणार. बँकेतल्या ठेवींना २०२० पासून प्रत्येक ठेवीदारामागे, प्रत्येक बँकेत, ५ लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. त्यापुढची रक्कम दुसऱ्या बँकेत ठेवा. आरोग्यविमा नोकरी सोडण्याआधी स्वतःच्या नावावर काढा. कंपनीचा विमा साधारणपणे नोकरीबरोबरच संपतो आणि नव्या विम्यात जुन्या आजारांसाठी थांबावे लागते.

आता थोडे गणित, कारण इथे हुशार माणसेही फसतात. समजा, एक डाव आहे. छापा पडला तर तुमचे पैसे दीडपट, काटा पडला तर ४० टक्के बुडाले. सरासरी काढली तर प्रत्येक फेरीला ५ टक्के फायदा. खेळावा का? सगळी पुंजी लावून पुन्हा पुन्हा खेळलात, तर एक छापा आणि एक काटा मिळून १.५ गुणिले ०.६, म्हणजे ०.९ उरतात. १०० फेऱ्यांत ५० छापे, ५० काटे पडले, तर १ लाखाचे साधारण ५१५ रुपये राहतात. डाव फायद्याचा, खेळणारा मात्र बुडाला, कारण प्रत्येक वेळी त्याने सगळे लावले. निम्मी पुंजी गेली तर पूर्ववत व्हायला १०० टक्के नफा लागतो. पंचमांश गेली तर २५ टक्के पुरतो. म्हणून मी पहिला प्रश्न ‘किती मिळेल?’ हा विचारत नाही. ‘हे फसले तर पुन्हा खेळायला बसता येईल का?’ हा विचारतो. उत्तर नाही असेल, तर फायदा कितीही दिसो, रक्कम कमी करा.

याच कसोटीवर आपल्याकडची एक गोष्ट तपासा, जिला कोणी जोखीम म्हणतच नाही: जामीन राहणे. भाऊबंद, मित्र, सहकारी कागद पुढे करतात आणि आपण भिडेपोटी सही करतो. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे कलम १२८ सांगते की, करारात वेगळे ठरले नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. बँकेने आधी कर्जदाराच्या मागे लागायलाच हवे असे नाही. कर्ज फिटले तर तुम्हाला काही मिळत नाही, बुडाले तर सगळे भरायचे. नोकरी सोडून पोळीभाजी केंद्र काढणाऱ्याला आपण वेडा म्हणतो आणि ही सही करणाऱ्याला भला माणूस. मला पहिला अधिक शहाणा वाटतो. भीड असेल तर झेपेल तेवढी रक्कम उसनी द्या आणि ती गेली असे समजा. नुकसानीला तळ तरी राहतो.

आता त्या पोळीभाजी केंद्राकडेच वळू. पुण्यात डबे आणि खाणावळी काढणारे पुष्कळ, बंद करणारेही पुष्कळ. बहुतेकांची चूक एकच: परत न येणारा खर्च सर्वांत आधी. गाळ्याची अनामत, ११ महिन्यांचा करार, फर्निचर, पाटी, आणि मग गिऱ्हाईक. क्रम उलटा हवा. अन्नसुरक्षेची नोंदणी करून घरच्या ओट्यावर १० डबे, २ महिने. पहिल्या महिन्यात ओळखीचे घेतात, त्यातून काही कळत नाही. दुसऱ्या महिन्यात पैसे भरून किती जण परत आले ते मोजा. मग २५ डबे. २५ ला स्वयंपाकाची पद्धत बदलते, पोळ्यांना बाई लागते, आणि ती एक दिवस आली नाही तर काय होते हे समजते. यात मे महिना आणि दिवाळी येऊ द्या, कारण विद्यार्थी गावी जातात आणि खाणावळ ओस पडते. हे सगळे पाहून नफा उरत असेल, तर गाळा बघा, आणि मुदतीआधी सोडता येईल की नाही हे करारात वाचूनच सही करा.

प्रत्येक पायरीला एकच अज्ञात गोष्ट तपासायची. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर अपयश आल्यावर कशामुळे आले ते कळत नाही, आणि मग माणूस म्हणतो, ‘धंदा आपल्याला जमत नाही.’

याच शहरातले मोठे उदाहरण घ्या. धोंडो केशव कर्वे १८९१ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवू लागले. १८९३ मध्ये त्यांनी विधवेशी पुनर्विवाह केला. त्यासाठी गावाचा बहिष्कार सोसला. १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम, पुढे हिंगण्याला साध्या झोपडीत त्याचा संसार, आणि १९१६ मध्ये महिला विद्यापीठ. यातली १९१४ पर्यंतची सगळी वर्षे ते फर्ग्युसनमध्ये शिकवत होते. हिंगण्याहून कॉलेजपर्यंत चालत येत, तास घेत आणि परत जात. समाजाशी एवढा मोठा सामना घेणाऱ्या माणसाने पगाराचा दोर २० वर्षांहून अधिक काळ हातातून सोडला नाही. सगळ्या आघाड्यांवर एकाच वेळी जुगार केला नाही, म्हणूनच एका आघाडीवर त्यांना इतके पुढे जाता आले, असे मी समजतो.

आता भीतीकडे येतो. दोर पक्का असूनही पाय थरथरतात. भीती वाटली आणि आपण मधूनच पळालो की लगेच सुटल्यासारखे वाटते. त्या सुटकेतून मन शिकते की पळालो म्हणून वाचलो, आणि पुढच्या वेळी भीती आणखी लवकर येते. उपाय पायरीचा आहे. सभेत बोलण्याची भीती असेल, तर प्रसंगांची यादी करा आणि प्रत्येकाला शून्य ते शंभर असे भीतीचे गुण द्या. बैठकीत एक प्रश्न विचारणे ३०, दोन मिनिटे माहिती देणे ५०, भरल्या सभागृहात बोलणे ९०. सुरुवात ३० ते ४० पासून. तीच पायरी पुन्हा पुन्हा करा, आणि गुण निम्म्यावर आले की पुढची. थेट ९० वर उडी मारली आणि मधेच पळालात, तर भीती पक्की होते. विहिरीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकवणाऱ्यांना हे ठाऊक होते. मूल पाण्यात पडायचे खरे, पण डबा बांधलेला असायचा, काठावर जाणता माणूस असायचा, आणि हात चालायला लागले की डबा सुटायचा.

मुलांच्या बाबतीत मला एवढेच सांगायचे आहे की ‘पडशील, जपून!’ या वाक्याने मुलाला काही कळत नाही. आपली भीती तेवढी त्याच्यात उतरते. ‘उजवा पाय कुठे ठेवणार आहेस?’ हे विचारा. ‘ती फांदी हलवून बघितलीस का?’ हे विचारा. यातून त्याला हिशोबाची सवय लागते.

सदाशिव पेठेतल्या, नारायण पेठेतल्या अभ्यासिकांमधून आलेले अनेक जण इथे बसले आहेत. स्पर्धा परीक्षा ही जोखीमच आहे आणि ती घेण्यात काही वावगे नाही. खुल्या गटासाठी केंद्रीय लोकसेवा आयोग वयाच्या ३२ पर्यंत ६ संधी देतो. ती आयोगाची मर्यादा. तुमची तिच्या आतली हवी, आणि ती पहिला फॉर्म भरण्याआधी लिहिलेली हवी: किती प्रयत्न, कोणत्या तारखेपर्यंत, घरचे किती पैसे. चौथ्या अपयशानंतर हा निर्णय घ्यायला बसलात, तर गेलेली वर्षेच निर्णय घेतात. ‘एवढे केले, आता एकदाच’ या वाक्याने बुडत्याचा पाय खोलात जातो. शिवाय पदवीच्या विषयाला दर आठवड्याला ४ तास द्या. तो तुमचा बोल्ट आहे. तीन वर्षे तो लावलाच नाही, तर पडण्याची उंची तुम्हीच वाढवत असता.

शेवटी एक प्रश्न आला: हे घरी कसे सांगायचे? आईवडील ऐकतच नाहीत.

डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये मांडले की गमावण्याचे दुःख तेवढ्याच कमाईच्या आनंदाहून जास्त बोचते. त्यांच्या पुढच्या मोजणीत हे प्रमाण दुपटीच्या आसपास आले. तुम्ही घरी स्वप्न सांगता, ते मनात नुकसान मोजत असतात, आणि त्या नुकसानाला तळच दिसत नाही. म्हणून स्वप्न नंतर सांगा. आधी एक कागद ठेवा. त्यावर जास्तीत जास्त किती पैसे जातील, किती महिने जातील आणि फसल्यास दुसऱ्या दिवशी सकाळी काय करणार, हे लिहा. हे सहा महिन्यांनी फसले आहे असे समजून त्याची पाच कारणे त्यांनाच विचारा आणि त्यांच्या शब्दांत खाली उतरवा. एखादे कारण तुम्हाला सुचलेलेच नसेल. बेत तिथे बदला. मग थांबण्याची तारीख लिहा, सगळ्यांनी सही करा आणि कागद कपाटाच्या दारावर आतल्या बाजूने चिकटवा. त्या तारखेला निकाल काहीही लागलेला असो, त्याच लोकांनी त्याच कागदासमोर पुन्हा बसायचे.