व्हिएन्ना : दिवे लागतात चार वाजता

(दृश्य : राटहाउससमोरचं पटांगण. आकाश काळपट निळं. लाकडी टपऱ्यांवरचे दिवे लागत जातात.)

डिसेंबरात व्हिएन्नामध्ये सूर्य चारच्या सुमाराला मावळतो. दुपारचं जेवण नुकतं आटपलेलं असतं आणि बाहेर काळोख. या काळोखाला आणि थंडीला बिचकून आपल्याकडची बहुतेक मंडळी युरोपची सहल मे महिन्यात उरकतात. त्यांना कळवळून सांगावंसं वाटतं : एकदा हिवाळ्यात या. चार वाजता दिवे लागले की रात्री नऊ-साडेनऊपर्यंत माणसं नाताळच्या बाजारांत, रस्त्यावर असतात. लहान मुलं, आजी-आजोबा, ऑफिस सुटलेले कर्मचारी, सगळे पारा शून्याच्या आसपास असताना उघड्यावर उभे राहून गप्पा मारतात.

ही समोरची इमारत म्हणजे राटहाउस, व्हिएन्नाची महापालिका. १८७२ ते १८८३ या काळात उभी राहिली. वास्तुकार फ्रीडरिश फॉन श्मिट. पटांगणातलं उंच ख्रिसमसचं झाड दरवर्षी ऑस्ट्रियाच्या एकेका राज्याकडून पाळीपाळीने भेट येतं. शेजारच्या बागेत एका झाडावर बदामाच्या आकाराचे लाल दिवे टांगलेले असतात. फोटोसाठी रांग त्याच झाडाखाली लागते.

या शहराला डिसेंबरातल्या बाजाराची परवानगी मिळाली ती १२९८ साली, तेव्हाचा राज्यकर्ता आल्ब्रेख्त पहिला याच्याकडून. आज शहरभर असे अनेक बाजार भरतात. पण ते कधी भरतात आणि कधी उठतात, हे तिकीट काढण्याआधी नीट समजून घ्या.

(दृश्य : भिंतीवरचं कॅलेंडर. बोट एकेका तारखेवरून सरकतं.)

आपण समजतो, नाताळ २५ डिसेंबरला, म्हणजे गंमत २५ पासून पुढे. व्हिएन्नात नेमकं उलट. इथे सण आधी साजरा होतो. नाताळच्या आधीचे चार रविवार म्हणजे अ‍ॅडव्हेंट. घरोघरी हिरव्या डहाळ्यांच्या चक्रात चार मेणबत्त्या बसवतात आणि दर रविवारी एकेक जास्त लावत जातात. बाजार नोव्हेंबरच्या मध्यापासून सुरू होतात. दिवाळीआधीचा पुण्याचा लक्ष्मी रोड आठवा आणि मग लक्ष्मीपूजनाच्या रात्रीचा तोच रस्ता आठवा. हिशेब तोच आहे. चौथी मेणबत्ती लागली की बाजाराचे शेवटचे दिवस उरतात.

श्पिटेलबेर्ग आणि कार्ल्सप्लाट्झचे बाजार साधारण २३ तारखेला आवरतात, राटहाउसचा २६ ला. शोनब्रुन राजवाड्यासमोरचा मात्र जानेवारीत जातो. २४ ला दुपारीच दुकानं बंद होतात. २५ आणि २६ दोन्ही दिवस सरकारी सुट्टी. आणि आपल्या मुलांच्या शाळांना नाताळची सुट्टी लागते ती याच सुमाराला! २५ च्या रात्री मुंबईहून निघालेलं कुटुंब २६ ला पोचतं, तेव्हा टपऱ्यांच्या फळ्या उतरवणं चालू असतं. जाहिरातीत पाहिलेलं शहर त्यांना भेटतच नाही.

म्हणून आधी ठरवा, तुम्हाला बाजार हवा की संगीत. बाजार हवा असेल तर डिसेंबरचा पहिला किंवा दुसरा आठवडा घ्या, आणि शक्यतो सोमवार ते गुरुवार. शनिवार-रविवारी शेजारच्या देशांतून बस भरभरून लोक येतात. ८ डिसेंबरलाही सुट्टी असते, त्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते. शाळेच्या सुट्टीला पर्याय नसेल, तर बेधडक २८ नंतर जा आणि नववर्षाचं व्हिएन्ना पाहा. दोन्हींच्या अधेमधे, २४ ते २६, तिथे पहिल्यांदाच जाणाऱ्याने राहणं मला काही पटत नाही. मुक्काम पडलाच, तर २४ ला सकाळी खाण्याचं सामान भरून ठेवा, रात्रीच्या जेवणाचं टेबल आधीच राखून ठेवा आणि मध्यरात्री सेंट स्टीफन कॅथेड्रलची प्रार्थना ऐका. त्या संध्याकाळी सगळं शहर आपापल्या घरी असतं.

(दृश्य : कार्ल्सकिर्शेचा हिरवा घुमट. खाली पेंढ्यात लोळणारी मुलं.)

सगळे बाजार पाहायचा अट्टाहास नको. एकच पाहायचा असेल तर हा पाहा, कार्ल्सप्लाट्झचा. मागे कार्ल्सकिर्शे आहे. प्लेगच्या साथीमुळे सम्राटाने केलेल्या नवसातून हे चर्च उभं राहिलं, १७३७ मध्ये पूर्ण झालं. समोरच्या तळ्यातलं पाणी हिवाळ्यात काढून टाकतात आणि त्यात पेंढा अंथरतात. शहरातली मुलं तिथे मनसोक्त लोळतात. इथे टपरी मिळवण्यासाठी कारागिराला निवड समितीसमोर आपलं काम ठेवावं लागतं. त्यामुळे काच, चांदी, लोकर, माती यांत काम करणारी माणसं स्वतः समोर उभी असतात. वस्तू स्वस्त नाहीत. पण चार ठिकाणचे चुंबक आणि किल्ल्यांच्या साखळ्या घेण्यापेक्षा इथली एक मातीची वाटी घ्या. ती कोणी घडवली, हे तुम्हाला घरी सांगता येईल.

आता हा मग बघा. तुम्ही पुन्श, म्हणजे दारू घातलेलं गरम मसालेदार पेय, मागितलात की टपरीवाली पेयाचे पैसे घेते आणि वर मगाचे चार-पाच युरो. ते डिपॉझिट असतं, इथे त्याला प्फांड म्हणतात. मग परत दिला की पैसे परत. त्यामुळे एवढ्या गर्दीत कागदी कपांचा ढीग दिसत नाही. मगावरचं चित्र दरवर्षी आणि दर बाजारात वेगळं. आवडला तर परत देऊ नका, बिनधास्त पिशवीत घाला. हिशेब चुकता झालेला असतो. वाफ निघत असते, संत्र्याची साल, लवंग, दालचिनी यांचा वास येत असतो, आणि हातमोज्यांतून ऊब बोटांपर्यंत पोचते. दारू नको असेल तर किंडरपुन्श मागा, तो मुलांसाठीचा, फळांच्या रसाचा.

शाकाहारी मंडळींनी काळजी करू नये. कोळशावर भाजलेले चेस्टनट कागदाच्या पुडीत मिळतात, त्यांना मारोनी म्हणतात. बटाटा किसून तळलेले कार्टोफेलपुफर आहेत. चीज घातलेले श्पेट्झले, म्हणजे पिठाच्या आखूड शेवया, आहेत. गेर्मक्नोडेल मात्र चुकवू नका : वाफवलेला मऊ गोळा, आत आलूबुखाराचा घट्ट मुरंबा, वर वितळलेलं लोणी आणि खसखस. आपल्याकडची पांढरी नव्हे, काळी. अंडं चालत नसेल तर घेण्याआधी विचारा, श्पेट्झले आणि पिठाच्या बऱ्याच पदार्थांत ते असतं.

मुलं बरोबर असतील तर ५ आणि ६ डिसेंबर साधा. ५ च्या संध्याकाळी शिंगं आणि केसाळ कातडं घातलेला क्रांपुस येतो, खट्याळ मुलांना घाबरवायला. ६ ला संत निकोलाउस खाऊ घेऊन येतो. नाताळच्या भेटवस्तू मात्र इथे सांता आणत नाही. त्या आणतो क्रिस्टकिंड, म्हणजे बाळयेशू. बाजाराचं जर्मन नावही त्याच्याचवरून आलेलं.

(दृश्य : सकाळ. राखाडी उजेड. रिंगस्ट्रासवरून लाल ट्राम जाते.)

दिवसाचा उजेड जेमतेम साडेआठ तास. तो कसा वापरायचा? सकाळी उशिरा निघा, अकरा ते चार संग्रहालयात राहा आणि अंधार पडला की बाजारात उतरा. मारिया थेरेसिया चौकात तर दोन प्रचंड संग्रहालयं समोरासमोर आहेत आणि मधोमध बाजार. त्यातलं कला इतिहासाचं संग्रहालय १८९१ साली उघडलं. पीटर ब्रॉयगल याच्या चित्रांचा जगातला सर्वांत मोठा संग्रह तिथे आहे.

त्याचं ‘बर्फातले शिकारी’ हे चित्र १५६५ मधलं. बर्फात परतणारे शिकारी, मान खाली घातलेले कुत्रे, झाडांवर काळे पक्षी. दूर खाली गोठलेल्या तळ्यांवर खेळणारी माणसं, एकेक जेमतेम नखाएवढी. जवळ जा आणि थांबा. बर्फावर घसरून पडलेलं कोणी सापडेल. व्हिएन्नात नाताळला बर्फ पडेलच याची खात्री नाही. बहुतेक वर्षी पडत नाही. बर्फाची आस लावून जाणाऱ्यांनी या दालनात एक तास द्यावा. इथलं बर्फ वितळत नाही.

कपड्यांचं एक पक्कं ध्यानात ठेवा. बाहेर शून्य अंश, आत बावीस. एकच जाडजूड स्वेटर घातलात तर संग्रहालयात घाम फुटेल. अंगालगत थर्मल, वर पातळ लोकर, त्यावर वारा अडवणारा कोट, असे थर घाला. कोट संग्रहालयात आणि ऑपेरात कपडेघरात ठेवायचा असतो. आणि सर्वांत जास्त पैसे बुटांवर खर्च करा. दगडी फरसबंदीवर अर्धा तास उभं राहिलं की थंडी तळपायातून चढते. जाड तळाचे, पाणी न शिरणारे बूट आणि लोकरीचे मोजे, यात काटकसर नको.

पाय गारठले की कॉफीहाउस. मेलांज मागवा, दूध आणि फेस असलेली ही कॉफी. धातूच्या छोट्या तबकात येते, सोबत पाण्याचा पेला असतो. मग कितीही वेळ बसा, कोणी उठवत नाही. प्रसिद्ध ठिकाणांसमोर रांगा असतात. १८८० पासूनचं कॅफे श्पेर्ल मला त्यातल्या त्यात शांत वाटतं.

(दृश्य : स्टाट्सऑपर. उभ्याच्या जागेच्या कठड्याला बांधलेले मफलर.)

आता संगीत. स्टाट्सऑपर, म्हणजे इथलं सरकारी ऑपेरागृह, १८६९ साली सुरू झालं, १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जळालं आणि १९५५ मध्ये पुन्हा उघडलं. चांगल्या खुर्च्यांचे दर छाती दडपवणारे आहेत. पण मागे उभं राहून पाहायच्या जागा थोड्या युरोंत, त्याच दिवशी विकल्या जातात. आत गेलं की आपल्या जागेसमोरच्या कठड्याला मफलर बांधायचा. मग खुशाल फिरून या, जागा तुमची. हा अलिखित नियम सगळे पाळतात. ३१ डिसेंबरला इथे योहान श्ट्राउस धाकटा याची ‘डी फ्लेडरमाउस’ ही हलकीफुलकी ऑपेरा होते, दरवर्षी.

त्याच रात्री बारा वाजता सेंट स्टीफनची पुमेरिन वाजते. वीस टनांहून जड घंटा. मूळची १७११ मध्ये ओतली होती, १६८३ च्या वेढ्यानंतर तुर्कांनी मागे टाकलेल्या तोफांच्या धातूतून. १९४५ मध्ये ती कोसळली, आजची १९५१ ची. घंटा थांबली की श्ट्राउसचाच ‘ब्लू डॅन्यूब’ हा वॉल्ट्झ सुरू होतो आणि रस्त्यावर लोक, ओळख असो नसो, वॉल्ट्झ नाचू लागतात. मेट्रो त्या रात्री बंद होत नाही, त्यामुळे परतीची चिंता नको.

आणि तयारी? ऑस्ट्रिया शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून घेतात, शेवटची मुदत १५ दिवस आधीची. फी ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. ‘दिवाळी झाली की बघू’ म्हणू नका, गणपतीतच कागद गोळा करा. आणि प्राग, बुडापेस्ट, व्हिएन्ना एका आठवड्यात कोंबू नका. एवढ्याशा उजेडात निम्मे दिवस रेल्वे स्टेशनांवर जातात. चार-पाच रात्री एकाच शहरात काढा. फार तर रेल्वेने तासाभरावरच्या ब्रातिस्लाव्हाला जाऊन या.

(दृश्य : म्युझिकफेराइनचं सोनेरी सभागृह. फुलांनी भरलेला मंच.)

१ जानेवारीच्या नववर्ष मैफलीचं स्वप्न पाहणाऱ्यांसाठी. व्हिएन्ना फिलहार्मोनिकची ही मैफल म्युझिकफेराइनमध्ये सकाळी सव्वाअकराला सुरू होते, तेव्हा भारतात पावणेचार वाजलेले असतात. आपल्या मुंबईत जन्मलेले झुबिन मेहता १९५४ साली संगीत शिकायला याच शहरात आले. पुढे त्यांनी ही मैफल पाच वेळा संचालित केली : १९९०, १९९५, १९९८, २००७ आणि २०१५. तिकिटं खिडकीवर मिळत नाहीत, सोडतीने मिळतात. वरचे दर हजार युरोंच्या पुढे, उभ्याच्या जागा बऱ्याच स्वस्त. हाच कार्यक्रम ३० आणि ३१ डिसेंबरलाही होतो आणि त्यांचीही सोडत असते, तेव्हा तिन्ही दिवसांसाठी नाव द्या. नोंदणी वाद्यवृंदाच्या अधिकृत संकेतस्थळावर होते, फेब्रुवारी महिन्यात, म्हणजे मैफलीच्या दहा महिने आधी.