बॉरो आणि लेंड : छत्री नेमकी कुणाची?

नमस्कार, श्रोतेहो. आज दोन इंग्रजी क्रियापदं घेऊ या. बॉरो म्हणजे उसनं घेणं, लेंड म्हणजे उसनं देणं. पुन्हा सांगते, बॉरो घेणाऱ्याचं, लेंड देणाऱ्याचं.

आपण मराठीत ‘उसनं’ म्हणतो आणि पुढे घेणं किंवा देणं जोडतो. आपल्याकडच्या कन्नडातही ‘कडा’ एकच, पुढे तगो नाहीतर कोडु. इंग्रजीत ही दिशा क्रियापदाच्या पोटातच असते, आणि तिथेच गफलत होते.

खानापूरची एक मुलगी बेळगावात वसतिगृहात राहायला आली. सात नंबरच्या खोलीत बैलहोंगलची, कन्नड बोलणारी. दोघींचं बोलणं इंग्रजीत. जुलैचा पाऊस लागला तसं हिनं विचारलं, ‘विल यू बॉरो मी युवर अंब्रेला?’ तिनंही ‘येस, आय बॉरो यू’ म्हणत छत्री दिली. दोघींच्या भाषेचा साचा सारखा, म्हणून चूक एकीलाही कळली नाही. वसतिगृहात उसनवारीची वही होती. हिनं लिहिलं, ‘आय लेंट वन अंब्रेला, रूम सेव्हन.’ रविवारी वॉर्डनबाईंनी वही वाचली आणि थेट सात नंबर गाठला. ‘तिची छत्री घेतलीस ना? देऊन टाक.’ तीन दिवस भिजत कॉलेजला गेलेली ती पोर रडकुंडीला आली. शेवटी मुठीवर निळ्या दोऱ्यानं गुंडाळलेली खूण तिनं दाखवली, तेव्हा उलगडा झाला. वहीत हवं होतं, ‘आय बॉरोड अॅन अंब्रेला फ्रॉम रूम सेव्हन.’

छत्रीला खूण हवीच, बायांनो. आणि उसनी साखर परत करताना वाटी शिगेपर्यंत भरा. काठोकाठसुद्धा मला कमीच वाटते.

तर बॉरोला फ्रॉम, लेंडला टू. लेंडचा भूतकाळ लेंट. लेंडेड असं रूप नाही. ‘लेंड मी’ चालतं, ‘बॉरो मी’ चालत नाही. बँक लेंड करते, कर्जदार बॉरो करतो. वजाबाकीत शेजारच्या घरातून दशक घेतो, तेही बॉरोच. जागची न हलणारी वस्तू, म्हणजे न्हाणीघर वगैरे वापरायचं असेल, तर यूज म्हणा.

पेन मागायचं असेल तर ‘मे आय बॉरो युवर पेन?’ किंवा ‘कुड यू लेंड मी युवर पेन?’ पेन दोन्ही वेळा तुमच्याच हातात येतं. पहिल्यात कर्ता तुम्ही, दुसऱ्यात पेनवाला.