डावखुरा एक्झॅक्टा

(पडद्यावर काळोख. फक्त शटरचा आवाज.)

खटॅक्. फोटो निघाला. आता व्ह्यूफाइंडरमध्ये बघाल तर मिट्ट काळोख. घाबरू नका, काही बिघडलेलं नाही. या कॅमेऱ्याचा आरसा एकदा वर गेला की वरच बसतो. लिव्हर ओढून फिल्म पुढे सरकवली की मगच खाली येतो.

हा एक्झॅक्टा वॅरेक्स. ड्रेस्डेनच्या इहागी कंपनीचा. याच्या घराण्यातला पहिला ३५ मिमीचा कॅमेरा, किने एक्झॅक्टा, १९३६ सालचा. एसएलआर, म्हणजे लेन्समधलंच दृश्य आरशातून दाखवणारा कॅमेरा, कसा असावा याची तेव्हा रीतच पडलेली नव्हती. इहागीने शटरची कळ दिली डावीकडे, लिव्हरही डावीकडेच. उजवीकडे संथ शटरचं वेगळं चाक, थेट १२ सेकंदांपर्यंत. उजव्या हाताची सवय असलेला माणूस हा हातात घेतो आणि पाच मिनिटं नुसता चाचपडतो. मीही चाचपडलो.

(जवळून: कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडतं.)

आणि आत हे पाहा. चक्क सुरी! रोल अर्धाच वापरून झालाय, पण फोटो आत्ताच धुवायचेत? खालची दांडी ओढायची, फिल्म कापली जाते. उरलेली कॅमेऱ्यातच राहते. ज्याला हे सुचलं त्याला माझा नमस्कार.

कमी नावाजलेल्या कॅमेऱ्यांची मजा हीच. प्रत्येकाने आपापलं डोकं चालवलंय. १९६३ च्या टॉपकॉन आरई सुपरमध्ये उजेड मोजणारा लाइट मीटर आरशाच्याच मागे, आणि त्याला उजेड मिळावा म्हणून आरशावर बारीक रेघा कोरलेल्या. १९६५ च्या कोनिका ऑटो-रिफ्लेक्समध्ये खटका सरकवला की रोलच्या मधेच पूर्ण फ्रेमची अर्धी फ्रेम होते.

झेनिट-ई त्यामानाने साधा, दणकट, वजनाला विटेसारखा. मीटर सेलेनियमचा, त्यामुळे सेल लागतच नाही. याच्या हेलिओस लेन्सला दोन रिंगा. एकीवर ॲपर्चर, म्हणजे उजेड आत येण्याचं भोक केवढं ते, ठरवायचं. दुसरी उघडून फोकस करायचा आणि कळ दाबण्याआधी आठवणीने बंद करायची. आठवणीने म्हणतोय, कारण माझा पहिला अख्खा रोल पांढराफटक आला होता.

सेलवर चालणाऱ्या जुन्या मीटरचं दुखणं वेगळं. ते १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर बेतलेले, आणि ते सेल आता बनत नाहीत. जागी १.५ व्होल्टचा अल्कलाइन घातला, तर बऱ्याच कॅमेऱ्यांत मीटरला वाटतं उजेड जास्त आहे, आणि निगेटिव्ह पातळ, म्हणजे फिकट, येते. त्यापेक्षा श्रवणयंत्राचा झिंक-एअर सेल बरा. टिकतो कमी, पण १.४ व्होल्टच्या आसपास राहतो.

(दिव्यासमोर धरलेला कॅमेरा. लेन्स काढलेली, मागचं झाकण उघडं.)

कापडी शटर असेल तर रोल भरण्याआधी एवढं कराच. आरसा वर असताना समोरून दिवा धरा आणि मागून शटरचा पडदा निरखा. वयानुसार कापडावरच्या रबराला भेगा पडतात. चांदणीसारखा ठिपका दिसला, तर तोच ठिपका प्रत्येक फोटोत उमटणार. एक्झॅक्टाला तर याची धास्ती जास्त. वर अडकलेला आरसा उजेड अडवत नाही.

म्हणून फोटो काढला की लगेच लिव्हर ओढायची.

(लिव्हरचा लांबलचक आवाज. आरसा खाली येतो. व्ह्यूफाइंडर उजळतो.)