आधी दिवे लावा

(कोल्हापुरात, मानसिक आधाराचं काम करणाऱ्या कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचं संपादित रूप)

बोलायच्या आधी एक काम. मागचे दिवे मालवलेत, ते लावा. पडद्यावर काही दाखवायचं म्हटलं की आपण सभागृह अंधारं करतो. पण माझ्या डाव्या हाताला दुभाषीताई उभ्या आहेत, पुढं बसलेल्या कर्णबधिरांना माझं बोलणं खुणांच्या भाषेत सांगायला. अंधारात त्यांचे हात दिसले नाहीत, तर पुढच्या दोन रांगांसाठी माझा माईकच बंद पडला.

2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावरची 43 फुटांची धोका पातळी ओलांडली आणि पुढं काय झालं, ते कोल्हापूरकरांना मी काय सांगू! तेव्हा एका शाळेतल्या निवारा केंद्रात आम्ही मानसिक प्रथमोपचारासाठी, म्हणजे संकटातल्या माणसाला लगेच मनाचा आधार द्यायला, जायचो. जागतिक आरोग्य संघटनेनं 2011 साली त्याची पुस्तिका काढली. तिचं सूत्र सोपं आहे : पाहा, ऐका, मदतीशी जोडून द्या. तिथं एक कर्णबधिर जोडपं होतं. गल्लीतून भोंगा फिरून गेला, पण शेजारणीनं हाताला धरून बाहेर काढलं तेव्हा कुठं त्यांना कळलं. त्यांच्यासमोर आम्ही बसलो आणि ‘ऐका’पाशीच अडकलो. बाईंची जाऊ सांगत होती, आम्ही माना डोलवत होतो. वीज गेलेली. रात्र झाली की त्या नवरा-बायकोचं आपसातलं बोलणंसुद्धा थांबायचं, कारण हात दिसायचे नाहीत. हे माझ्या ध्यानात आलं ते घरी परतल्यावर. बॅटरी दिवसभर माझ्याच पिशवीत होती.

पुढं आम्ही कर्णबधिरांसाठी प्रशिक्षण ठेवलं. दुभाषी बोलावल्या, बाकी सगळं नेहमीचंच. पहिल्याच दिवशी मी म्हणालो, “डोळे मिटा आणि माझ्या आवाजाकडं लक्ष द्या.” दुभाषीताईंनी ते इमानेइतबारे हातांनी सांगितलं, सगळ्यांनी डोळे मिटले. आता उघडा म्हणून सांगायचं कसं? शेवटी एकेकाचा खांदा थोपटत फिरलो. हसा, मंडळी, तेही हसले होते. आता आम्ही सगळा व्यायाम आधी करून दाखवतो, खांद्यावर हात पडला की डोळे उघडायचे असं ठरवून घेतो, मगच डोळे मिटतो.

त्याहून मोठा घोळ शब्दांचा. आपण मराठीत आडून विचारतो, “जिवाचं काही बरंवाईट करावंसं वाटतं का?” नवख्या दुभाषीनं ‘बरं’ आणि ‘वाईट’ अशा दोन खुणा केल्या. समोरच्या मुलानं शांतपणे उत्तर दिलं, कधी बरं वाटतं, कधी वाईट. खरं तर आत्महत्येबद्दल थेट विचारा, विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, हे आपण प्रत्येक प्रशिक्षणात शिकवतो. शिकवतो, आणि स्वतः ‘बरंवाईट’ म्हणून सटकतो! त्या दिवसापासून मी ऐकणाऱ्यांच्या वर्गातही तो शब्द वापरत नाही. मात्र थेट खूण खोलीच्या दुसऱ्या टोकालाही वाचता येते. म्हणून असं बोलणं दार लावून आणि खिडकीचा पडदा ओढून करायचं.

घरच्या माणसाला दुभाषी करू नका, हे तर हात जोडून सांगतो. सासूबद्दलचं दुःख सासूच्याच मार्फत कोण सांगणार? 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात गोपनीयतेचा हक्क आहे, समजेल अशा भाषेत आणि रूपात माहिती मिळण्याचाही आहे. छापील मराठी पत्रक दिलं की हे भागलं असं समजू नका. बहुतेक कर्णबधिर मुलं ऐकणाऱ्या आई-बापांच्या पोटी जन्मतात आणि पुष्कळ घरांत खुणांची भाषा कुणालाच येत नसते. अशा माणसाला लिखित मराठी परकी वाटू शकते. आपल्याला जे होतंय त्याला ‘चिंता’ म्हणतात, हेही कुणी कधी सांगितलेलं नसतं. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्राचा शब्दकोश 2021 मध्ये 10,000 शब्दांवर गेला, फार मोलाचं काम. पण शब्दाची खूण सापडली म्हणजे अर्थ पोचला असं होत नाही. आमच्या कर्णबधिर सहकारी ‘चिंता’ शिकवताना रात्री तीनदा उठून कडी तपासणारा माणूस करून दाखवतात. मला ते अर्ध्या तासात जमलं नव्हतं.

दुभाषी जोडला की काम झालं, असं मी पूर्वी मानायचो. आता नाही. गावात दुभाषी एक-दोनच असतात. बँकेत त्याच, लग्नात त्याच, पोलीस ठाण्यात त्याच. त्यांच्यासमोर मन उघडायला माणूस कचरतो, त्यात त्यांचा दोष नाही. म्हणून कर्णबधिर माणसंच हे आधाराचं काम शिकलेली हवीत, आणि एकच नको. एकाला नाही सांगायचं, तर दुसऱ्याकडं जाता आलं पाहिजे.

वीस मिनिटं झाली. दुभाषीताईंचे हात आणि डोकं दोन्ही दमतं, आता दुसऱ्या ताई येतील. पुढचा तास आमच्या कर्णबधिर सहकारी घेणार आहेत. त्या हातांनी बोलतील आणि आपल्याला कळावं म्हणून ताई ते मराठीत बोलून दाखवतील. तुम्ही मात्र ताईंकडं नाही, त्यांच्याकडं बघायचं. खुर्च्या अर्धगोलात लावून घ्या. खांबाआड बसलेले पुढं या.